पकडमावशींना नख लागत नाही

मांजर धरायचं तर ते धरलंय हे त्याला कळता कामा नये, आणि कुत्रा धरायचा तर आता सुटका नाही हे त्याला पहिल्या क्षणीच कळलं पाहिजे. जनावरांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काढल्यावर पकडमावशींच्या हाती एवढंच शास्त्र लागलं होतं आणि तेवढ्यावर त्यांचं पोट चालत होतं. टोचायचं, टाके घालायचं काम डॉक्टरीणबाईंचं. धरायचं काम मावशींचं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर भिंतीला लागून बाकं, आत स्टीलचं टेबल, त्यावर खरखरीत रबराची चटई, कोपऱ्यात वजनकाटा आणि पडद्यामागे हात धुवायचं बेसिन. मधल्या दाराला वरून अर्धी काच. त्यामुळे बाकांवरच्या मंडळींना आतलं सगळं ऐकू यायचं, पण दिसायची ती फक्त मावशींची पाठ.

"हे बघा," एक दांडगा गृहस्थ टोपली छातीशी धरून सांगत होता, "घरात आम्ही पाच माणसं. पाचांनाही हा बोका आवरत नाही. मागच्या वेळी माझ्या मेव्हण्याचा कान फाडला यानं."

"मेव्हणे आलेत का?"

"नाही."

"मग त्यांचा दुसरा कान वाचला. ठेवा टोपली."

मावशींनी झाकण दोन बोटं उघडलं, त्यातून टॉवेल आत सोडला आणि आत काय होतंय ते न बघता, खिशात किल्ली शोधावी तसा हात फिरवला. बाहेर आलं ते टॉवेलचं एक गाठोडं. त्याला एका टोकाला चिडलेलं तोंड आणि दुसऱ्या टोकाला एक मागचा पाय. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली. बोक्यानं मावशींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"झालं?" गृहस्थानं डोळे उघडून विचारलं.

"त्याचं झालं. तुमचं काही असेल तर सांगा."

बाहेर हशा पिकला. डॉक्टरीणबाई सिरिंज टाकता टाकता नेहमीचं वाक्य बोलल्या, "एकोणीस वर्षांत आमच्या मावशींना एक नख लागलेलं नाही."

हे वाक्य बाई पहिल्यांदा बोलल्या तेव्हा ते खरं होतं. मावशींना कामाला लागून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. बाईसुद्धा नवख्या होत्या. एक घाबरट बाई मांजर टेबलावर ठेवायलाच तयार नव्हती, तेव्हा तिला धीर द्यायला म्हणून बाई म्हणाल्या, "अहो, यांना अजून एकदाही ओरबाडलं नाही कुणी." चौथ्या आठवड्यात एका करड्या मांजरीनं मावशींच्या कोपरापासून मनगटापर्यंत चार रेघा ओढल्या. मावशींनी पडद्याआड हात धुतला, बाही खाली केली, बटण लावलं. बाहेर बाई तेच वाक्य दुसऱ्या कुणाला तरी सांगत होत्या. आता मध्येच जाऊन काय बोलायचं?

मग ते राहिलं ते राहिलंच. आजचं सांगितलं नाही की उद्याचं सांगणं दुप्पट अवघड होतं, आणि मावशींनी तर एकोणीस वर्षांचं साठवलं होतं. लांब बाह्यांचा निळा कोट, भर उन्हाळ्यातही मनगटाला बटण. लागायचं त्यांना सगळ्यांइतकंच. फरक एवढाच की नख लागलं की दुसऱ्याचा हात सुटतो, मावशींचा सुटत नसे. पण ही गोष्ट काचेतून दिसणारी नव्हती. लोकांनी आपल्या मनाशी ठरवलं की जनावरंच यांना वश आहेत. दोन दवाखाने ओलांडून लोक इथे यायचे. "पकडमावशी आहेत ना आज?" असं आधी फोन करून विचारायचे. डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर पदवीची चौकट होती. मावशींच्या नावावर होतं ते हे एकच वाक्य, आणि ते गेलं तर आपण कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी पडू दिला नव्हता.

खरं काय ते माहीत होतं फक्त धाकट्या बहिणीला. दोघी एकत्र राहायच्या. धाकटी घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची आणि मशीन चालू असतानाही तिचं तोंड बंद नसायचं.

"ताई, तुझे हात म्हणजे पहिलीच्या पोराची पाटी आहेत गं. नुसत्या रेघोट्या."

"तू कापड बघ. सुई बोटात जाईल."

"गेली तर मी ओरडेन. मला काही नाव राखायचं नाहीये."

घड्याळजी आपलं मांजराचं पिल्लू घेऊन आले ते एका गर्दीच्या सकाळी. साठीतला सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशाला एक चिमटा लावलेला. बसथांब्यासमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं बोळाएवढं दुकान. तिथं एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या रिकाम्या पेटीत एका मांजरीनं पिल्लं घातली होती. बाकीची ती घेऊन गेली, एक विसरली.

"नाव काय लिहू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सेकंद. थांबतच नाही."

तेवढ्यात बाहेर एक कुत्रा आणला, मोटारीखाली आलेला. बाई तिकडे धावल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मावशी, तोवर पिसवा बघून घ्या."

मावशींनी बारीक फणी घेतली. रबरी हातमोजे खिळ्यावर टांगलेले होते, तिथेच राहिले. मोजे घातले की हाताला जनावर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. फणी दोनदा फिरवली तर दातांत काळी कणी भरली. ती त्यांनी ओल्या कापसावर झटकली. काळे कण बघता बघता लालसर पसरले, गंजाच्या डागासारखे.

"रक्त?" घड्याळजी दचकले.

"पिसवांची घाण. पितात रक्त, मग टाकतात तेच. नुसती माती असती तर काळीच राहिली असती." फणीतून एक पिसू उडायच्या बेतात होती. मावशींनी ती दोन अंगठ्यांच्या नखांत धरून टिचकन फोडली. ही त्यांची जुनी सवय, आणि त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"बापरे. मला जपायला हवं," घड्याळजी म्हणाले. "चार वर्षांपूर्वी किडनी बसवलीय माझी. म्हणजे बायकोची. भांडण झालं की म्हणते, माझी परत करा."

"मग?"

"मग काय, मीच गप्प बसतो. परत कुठून करू?" ते हसले. "गोळ्या आहेत आयुष्यभर. अंगाची ताकद मुद्दाम कमी ठेवायची असते म्हणे, नाहीतर शरीर परक्या किडनीला थारा देत नाही."

"हो का," मावशी म्हणाल्या. त्यांचं लक्ष शेपटीच्या बुडाशी होतं, तिथं पिसवांचं गावच वसलं होतं. फणी तिथं लागली मात्र, पिल्लानं मागचे दोन्ही पाय जुळवून झाडले. अंगठ्याच्या मुळापासून बाहीच्या आतपर्यंत दाभण ओढल्यासारखी एक कळ गेली.

मावशींचा हात हलला नाही. चेहरा तर नाहीच.

"बघा! घरी आम्हाला हात लावू देत नाही, आणि तुमच्याकडे कसं गप्प बसलंय!"

"बसतात," मावशी म्हणाल्या, आणि बाहीचं बटण लावलं.

बाई परत आल्या, पिल्लाच्या मानेवर पिसवांचं औषध सोडलं, दर महिन्याला आणायला सांगितलं. घड्याळजींनी त्यांना किडनीचं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि मावशींच्या डोक्यातून ते फणी धुताना निघूनही गेलं.

आठ-दहा दिवसांनी मनगटावर एक लाल पुटकुळी आली. मावशींनी लक्ष दिलं नाही. मग अंग मोडून यायला लागलं, संध्याकाळी बारीक ताप. तरीही काम चालू होतं. कळलं ते धाकटीला, कोटामुळे. जुना कोट कोपरावर विरला होता आणि ती नव्याचं माप घेत होती.

"हात वर कर."

"केला."

"याला वर म्हणतात? बसमध्ये दांडा धरायचा तेवढा तरी कर."

"एवढाच होतो."

धाकटीनं टेप गळ्यात टाकली आणि ताईच्या उजव्या बगलेत हात घातला. तिचं बोलणं मध्येच थांबलं, आणि त्या घरात ही गोष्ट क्वचितच घडायची. "ताई, हे काय आहे? लिंबाएवढं लागतंय हाताला."

"येते गाठ. जाते."

"किती दिवस?"

"आठवडा झाला असेल."

"आणि तू मला कॉलरचं माप सांगत उभी आहेस!"

दुसऱ्या दिवशी धाकटीनं त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. रांग जिन्यापर्यंत आली होती. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली झोपेची उधारी. त्यांनी कोटाची दोन बटणं काढायला लावून बगल चाचपली. मावशी दातओठ खाऊन बसल्या.

"काम काय करता?"

"जनावरांच्या दवाखान्यात आहे. धरते."

डॉक्टरांचा पेन थांबला. "मग चावलं, ओरबाडलं असेल कुठे? महिन्याभरात?"

मावशी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारी ताप मोजणारी नर्सच खळखळून हसली. "अहो डॉक्टर, कुणाला विचारताय! या पकडमावशी आहेत. आमचा बोका यांनीच धरला होता. यांना जन्मात नख लागलेलं नाही, अख्ख्या गावाला माहीत आहे."

धाकटीनं ताईकडे बघितलं. ताईनं टेबलाखाली धाकटीच्या पायावर पाय दिला.

"नाही," मावशी म्हणाल्या.

"आणि हे मनगटावर?"

"बहिणीचं शिवणकाम असतं घरी. सुई लागली."

डॉक्टरांनी लिहिलं. गाठ येण्याची कारणं बरीच असतात, म्हणाले, बहुतेक साधीच. रक्त तपासू. दोन आठवड्यांत उतरली नाही तर एक तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हणजे संशय नको.

"काढल्यावर हात चालेल?"

"चालेल. काही आठवडे जोर मात्र लावायचा नाही."

जोर लावायचा नाही म्हणजे धरायचं नाही.

धाकटी रस्त्यावर येईपर्यंत कशीबशी गप्प राहिली. "माझी सुई? एकोणीस वर्षं मांजरांची पापं झाकलीस, आता माझ्या सुईवर घातलंस? डॉक्टर विचारतोय, आणि तू खोटं बोलतेस? डॉक्टरशी?"

"त्या नर्ससमोर काय सांगणार होते?"

"खरं! दोन अक्षरं आहेत!"

"संध्याकाळपर्यंत दवाखान्यात पोचलं असतं. बाईंचं तोंड काय राहिलं असतं?"

"बाईंच्या तोंडाचं बघ तू. बगलेचं मी बघते."

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात एक रुंद छातीचा कुत्रा आला, नखं कापायला. मावशींनी मानेखालून हात घातला, आणि कुत्र्यानं नुसती मान झटकली तर तो निसटला. कुत्रा खाली उडी मारून वजनकाट्यावर जाऊन बसला. तोही बुचकळ्यात पडलेला दिसत होता. काचेपलीकडची कुजबुज थांबली.

"मावशी?" डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"खांदा लचकलाय."

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मावशी बेसिनवर कात्र्या धूत होत्या. पाण्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "बाई, पिसवांनी माणसाला काय होतं हो?"

"खाज येते."

"त्याहून जास्त?"

"त्याहून जास्त म्हणजे..." बाई डबा उघडून जेवत होत्या, त्यांना असले प्रश्न आवडत. "एक जंतू असतो, बार्टोनेला नावाचा. मांजराच्या रक्तात राहतो. मांजराला बहुतेक वेळा काही होत नाही, मजेत फिरतं. पिल्लांत जास्त. पिसू एका मांजराकडून दुसऱ्याकडे नेते. कुत्र्यांनाही होतो कधीकधी, गोचिडांवरही संशय आहे. पिसवांची घाण असते ना, ती मांजराच्या नखांत भरते, आणि तेच नख माणसाला लागलं की जंतू आत जातो. आधी पुटकुळी, मग ताप, मग त्या बाजूची गाठ सुजते. काखेत, मानेत."

मावशींनी नळ बारीक केला. "मग?"

"मग काही नाही. धडधाकट माणसाचं बहुधा आपोआप उतरतं, दोनेक महिन्यांत. कधी गोळ्या देतात. म्हणून तर सांगते, हातमोजे घाला, पिसवा नखांनी फोडू नका. तुम्हाला काय म्हणा, नख लागेल तेव्हा ना!" बाईंनी घास घेतला. "ज्यांची ताकद कमी असते त्यांनी मात्र जपायचं. कॅन्सरची औषधं चालू असलेले, दुसऱ्याचा अवयव बसवलेले. त्यांच्यात तो यकृतात जातो, हृदयाच्या झडपांवर बसतो. वेळेवर कळलं तर औषध आहे. नाही कळलं तर जिवावर बेततं. का, कुणाला झालंय?"

माझी परत करा, म्हणते. मावशींना ते हसणं जसंच्या तसं ऐकू आलं.

"बाई, मी जरा जाऊन येते."

"आत्ता? चारला तीन कुत्रे आहेत!"

"आत्ता."

वाटेत त्यांनी हिशेब केला. स्वतःचं काही न सांगता काम भागत होतं. पिल्लाचं औषध टाका, नखं कापा, ओरबाडून घेऊ नका, एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. एवढं सांगायचं आणि परतायचं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

घड्याळजींच्या दुकानात जेमतेम तिघं मावत. ते स्वतः दिव्याखाली वाकलेले, डोळ्यात भिंगाची नळी. पलीकडच्या स्टुलावर त्यांची बायको, एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला पट्टा लावत होती. गिऱ्हाईक म्हणजे जाडजूड बसकंडक्टर, गळ्यात बॅग. सेकंद काउंटरवर घड्याळजींच्या मनगटाशी कुस्ती खेळत होतं.

"या, या! ए, बघ कोण आलंय. पकडमावशी!"

मावशींनी पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं.

"अहो, औषध टाकलं ना तुमच्याकडेच," घड्याळजी म्हणाले. "आणि ओरबाडायचं म्हणाल तर हे खेळतं हो. बघा." त्यांनी हात पुढे केला. मनगटावर बारीक लाल रेघा होत्या. "प्रेमाच्या आहेत."

"प्रेमाचं राहू दे," बायको म्हणाली. "दोन दिवस अंग कणकणतंय यांचं. मी म्हणतेय दाखवून या, तर म्हणतात हवा बदललीय."

"बदललीच आहे."

"घड्याळजी, आजच जा. याच्यापासून आजार होतो, माणसाला. तुमच्यासारख्याला जास्त."

"याच्यापासून?" घड्याळजींनी पिल्लाला मानगुटीला धरून उचललं, ते लोलकासारखं हलत राहिलं. "मावशी, तुमच्याच हातात हे कसं बसलं होतं? त्या दिवसापासून मी हिला सांगतोय, पकडमावशींना ज्यानं नख लावलं नाही ते पिल्लू गरीबच असणार. त्याआधी मीसुद्धा भीतभीतच हात लावायचो."

मावशी काउंटर धरून उभ्या राहिल्या. म्हणजे या माणसाला धीर दिला होता तो त्यांच्याच नावानं.

"लावलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नख. तुमच्यासमोरच लावलं त्यानं. मला गाठ आलीय बगलेत. ताप येतोय तीन आठवडे."

घड्याळजी आधी बायकोकडे बघून हसले, मग कंडक्टरकडे. "मला घाबरवायला सांगताय. ही शिकवून आली होती का तुम्हाला? पिल्लू काढायचंय हिला दुकानातून."

"मी? मी तर आज पहिल्यांदा बघतेय यांना!"

"मावशींना कधी लागत नाही हो," कंडक्टरसुद्धा म्हणाला. "माझ्या सासऱ्यांचा कुत्रा नेला होता, सैतान आहे नुसता. यांनी नुसतं बघितलं त्याच्याकडे."

खोटं एकोणीस वर्षं एका झटक्यात लोकांच्या गळी उतरत होतं, आणि खरं सांगितलं तर कुणी ऐकून घेईना. मावशींना हसू यायचं ते राग आला. त्यांनी उजव्या मनगटाचं बटण काढलं. मग डाव्याचं. बाह्या कोपराच्या वर सरकवल्या आणि दोन्ही हात दिव्याखाली, सुट्या स्क्रूंच्या आणि काट्यांच्या मध्ये, उताणे ठेवले.

पट्टा लावायचा राहिला.

घड्याळजींनी डोळ्यातली नळी नीट बसवली आणि वाकले. बिघडलेलं यंत्र बघताना वाकतात तसे. बोट न लावता त्यांनी मनगटापासून वर बघत नेलं. "हे जुनं आहे. पांढरं पडलंय. हे खोल गेलं होतं. हे... दात आहेत का?"

"दात. काळा कुत्रा होता, घाबरलेला."

"हे चार?"

"पहिली मांजर."

"आणि तुम्ही धरलेलंच ठेवलंत?"

"सोडलं असतं तर बाईंना चावलं असतं."

भिंग मनगटावर येऊन थांबलं. अंगठ्याच्या मुळाशी एक सुकलेली खपली होती, तिथून एक बारीक रेघ बाहीकडे गेली होती. "हे आमच्याचं?"

"हे."

त्यांनी नळी काढून ठेवली. त्यांचा चेहरा एकदम लहान वाटला. बायको उठली, पिल्लाला फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं, आणि नवऱ्याच्या हातातला चिमटा काढून घेतला. "चला. माझी किडनी आहे ती. मी म्हणते तेव्हा तपासायची."

कंडक्टरनं घड्याळ तसंच खिशात टाकलं आणि शटर ओढायला हात लावला. संध्याकाळपर्यंत ही बातमी चार बसमार्गांवर पोचणार हे मावशींना त्याच्या पाठीवरूनच कळलं.

म्हणून त्या आधी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी सगळं ऐकलं, हात बघितले, आणि खुर्चीत बसल्या.

"एकोणीस वर्षं मी जगाला सांगत फिरले!"

"तुम्ही म्हणालात म्हणून..."

"मी म्हणाले म्हणून! उद्या मी म्हणेन मावशींना पंख आहेत. गच्चीवरून उडी माराल?" मग आवाज खाली आला. "धनुर्वाताचं इंजेक्शन? एवढ्या वर्षांत?"

"एकदा घेतलं. लपून."

"लपून," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद ओढला आणि सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. लिहिताना पेन असा दाबत होत्या की मागच्या कागदावरही अक्षरं उमटली.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, नर्सला जाणूनबुजून बाहेर पाठवलं आणि म्हणाले, "आता बाह्या पूर्ण वर." त्या जंतूसाठी वेगळं रक्त घेतलं. चार दिवसांत उत्तर आलं, तोच होता. तुकडा काढायची गरज उरली नाही. पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, ताप आधी गेला, गाठ मात्र आपल्या सवडीनं उतरत राहिली. लिंबाचं बोर व्हायला सहा आठवडे लागले. तोवर मावशी दवाखान्यात कुत्र्यांची वजनं लिहायच्या, आणि त्यांना ते काम अजिबात आवडायचं नाही.

"बघ, सांगितलंस तर जग बुडालं का?" धाकटी म्हणाली.

"चार गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली."

"जाऊ दे. त्यांची मांजरं वाईटच असतील."

घड्याळजींच्या रक्तातही तो सापडला. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर ठेवून घेतलं, हृदयाची तपासणी केली, तिथं काही नव्हतं. औषध तीन महिन्यांचं दिलं. आणि पिल्लू मोठं होऊन, तपासून, पिसवा पूर्ण जाईपर्यंत घरात आणि दुकानात नको, असं बजावलं. सेकंदची रवानगी बायकोच्या भावाच्या कागदाच्या गोदामात झाली. घड्याळजींनी याचा राग डॉक्टरांवर धरला नाही. मावशींवर धरला. त्यांच्या मते, त्या गप्प बसल्या म्हणून ते पिल्लाच्या जवळ गेले, आणि त्या बोलल्या म्हणून पिल्लू लांब गेलं. आणि दोन्ही खरं होतं.

डॉक्टरीणबाईंनी नवा नियम केला. नख लागलं की काम थांबवायचं, बाकांसमोर नव्यानं बसवलेल्या नळावर साबणानं हात धुवायचा, मगच पुढचं जनावर. नियम पाळायची वेळ मावशी पुन्हा टेबलापाशी उभ्या राहिल्या त्याच दिवशी आली. एका पांढऱ्या मांजरीनं हातमोज्याच्या वरची जागा बरोबर हेरली.

"आई गं!" मावशी ओरडल्या. चांगल्या खड्या आवाजात.

काचेपलीकडे सगळे उठून उभे राहिले. मांजरीची मालकीण किंचाळली, "सुटली का?"

"सुटेल कशी? बाई, टोचा तुम्ही."

टोचून झालं. मग मावशी सगळ्यांसमोर नळावर गेल्या आणि कोपरापर्यंत साबण लावत राहिल्या. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं शेजारणीला विचारलं, "हीच का ती, जिला लागत नव्हतं?" शेजारीण म्हणाली, "तीच. पण सोडत नाही, बघितलंत ना?" म्हातारा म्हणाला, "बघितलं. पण किती वेळ धुतेय! माझ्या कुत्र्याची झोप मोडली."

रांगेत शेवटी घड्याळजींची बायको होती, हातात गोदामाचा पत्ता छापलेलं खोकं. सेकंद आता खोक्यात मावत नव्हतं. मावशींनी कोरडे मोजे चढवले.

"आहेत का अजून रागावलेले?"

"तोंड फुगवून बसलेत. तुमचं नाव काढलं की घड्याळात तोंड घालतात." ती खोक्याची दोरी सोडवत म्हणाली. "पण ताप नाही आला. महिना झाला."

"मग फुगू दे," मावशी म्हणाल्या, आणि नखं कापायला सेकंदचा पुढचा पंजा बाहेर ओढला.